बदललेल्या लागणीच्या तारखा

नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले आणि बहुतेक विसरलो. एका पंचनाम्यातली एक ओळ मात्र आजही तोंडपाठ आहे, कारण ती कोणा माणसाने सांगितलेली नव्हती.

नव्वदचे दशक निम्मे सरले होते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. या प्रकरणातील कोणाचेही नाव येथे देत नाही. साखर कारखान्याचेही देत नाही. नावांवाचून हकिगत समजते.

हकिगत समजण्यासाठी एक पद्धत मात्र माहीत असावी लागते. कारखाना सुरू झाला की सगळ्यांचा ऊस एकाच वेळी तोडता येत नाही. ज्याची लागण, म्हणजे लावणी, आधी, त्याची तोड आधी, असा नियम. म्हणून प्रत्येक सभासदाच्या लागणीची तारीख काही गावांसाठी मिळून असलेल्या गट कार्यालयात नोंदलेली असते आणि त्या तारखांवरून तोडणीची यादी निघते. आदल्या वर्षीच्या जुलैत लावलेल्या उसाला हंगामाच्या सुरुवातीला कोयता लागतो. ऑक्टोबरात लावलेला थांबतो. जुलैचा ऊस चुकून ऑक्टोबरच्या रांगेत गेला, तर तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा राहतो, त्याला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, आणि मालक बांधावर उभा राहून ते बघतो.

ही नोंद पिढ्यान्‌पिढ्या वहीत होत असे. त्या वर्षी कारखान्याने प्रयोग म्हणून एका गट कार्यालयात संगणक बसवला. खोलीला पडदे लावले, जमिनीवर जाजम घातले. लोक चपला बाहेर काढून आत जात. तारखा संगणकावर चढल्या आणि वही बंद होऊन रद्दीत गेली.

हंगाम सुरू होऊन आठवडा झाला असेल. एका बुधवारी दुपारी गटप्रमुख मोटारसायकलवरून ठाण्यात आला. पन्नाशीचा, पांढरा सफारी, बोलण्यात नेमका. जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाची कडी उचकटून संगणक चोरीला गेल्याची फिर्याद त्याने दिली. दिवसाची घरफोडी आणि चोरी, भारतीय दंड विधान कलम ४५४ आणि ३८०. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आम्ही जीप काढली.

खोलीत टेबलावर धुळीत एक चौकोनी जागा स्वच्छ उरली होती. टेबलाखाली एक पत्र्याचे खोके तसेच होते. पुढे बटणांची पाटी, बाजूला छपाईचे यंत्र. गेली होती ती फक्त काच. पंचनाम्यात तिला काय म्हणायचे हे दोन्ही पंचांना आणि मला ठाऊक नव्हते. हवालदाराने लिहिले, ‘टीव्हीसारखा दिसणारा काचेचा एक डबा, किंमत माहीत नाही.’ ते हवालदार पंचवीस वर्षे नोकरी झालेले, शांत आणि तिरकस बोलणारे गृहस्थ होते. खोक्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “चोर शहाणा दिसतोय साहेब. नेमकं ते नेलं, पेटी ठेवून गेला.” मलाही तसेच वाटले. यादी काचेत दिसते, म्हणजे यादी काचेत असते, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

खबर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. एसटीचा एक वाहक ठाण्यासमोर चहा घेत असताना हवालदारांशी बोलला. आदल्या दुपारी एक म्हातारा घोंगडीत काहीतरी जड गुंडाळून गाडीत चढला होता. वाहकाने सामानाचे तिकीट मागितले तेव्हा त्याने तक्रार न करता काढले. पण गाठोडे खाली ठेवायला तयार झाला नाही. “लेकराला धरावं तसं मांडीवर धरून बसला होता,” वाहक म्हणाला, “खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलायचा.” तो कन्हेरीच्या अलीकडे उतरला होता.

वस्ती सापडायला अर्धा तास लागला. म्हाताऱ्याच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरांचा कळप होता. त्याने स्वतः जमीन केली, ऊस लावला, कारखान्याचा भाग घेतला. सगळे त्याला तात्या म्हणत. आम्ही गेलो तेव्हा तो जनावरांना वैरण टाकत होता. जीप बघून त्याने हात धुतले, आत गेला आणि आपणहून घोंगडी उघडून काच दाखवली. ती ज्वारीच्या कणगीशेजारी पोत्यावर ठेवली होती. वर धडपा झाकला होता.

मी विचारले, तात्या, हे का आणले? त्याने सांगितले ते मी जबाबात शब्दशः उतरवले होते.

“सायेब, मी जुलैत लागण केली. माझ्या ह्या हातांनी. आन् त्या काचंत आक्टोबर लिवलाय. म्या डोळ्यांनी बघितलं. मशीनवरच्या पोरीला म्हनलं, ही खोटं हाय. ती म्हनली, तात्या, हितं असंच हाय. मग आणली उचलून. यादी गेली म्हंजी पुन्यांदा लिवत्याल. लिवताना इचारत्याल तरी.”

चोरीमागे इतका सरळ विचार मी क्वचितच पाहिला आहे. तो काच विकणार नव्हता, फोडणार नव्हता. यादी नाहीशी झाली की माणसांना पुन्हा विचारावे लागेल, एवढाच त्याचा हिशेब होता. अटक करताना त्याने एवढेच विचारले की म्हशीची धार कोण काढणार. शेजारच्या सुनेला सांगून आलो.

काच कापडात गुंडाळून, लाखेचे सील मारून मी मुद्देमालाच्या खोलीत ठेवली. वरिष्ठांना फोनवर यादी हस्तगत झाल्याचे कळवले. पत्र्याचे खोके गट कार्यालयात टेबलाखाली होते. त्यावर कोणीतरी पाण्याचा तांब्या ठेवत असे. हे मी लपवत नाही. त्या प्रकरणात म्हाताऱ्याने जी चूक केली, तीच मी सरकारी शिक्क्यानिशी केली होती.

गुन्हा उघडकीस आला होता. मुद्देमाल मिळाला, आरोपी कबूल. पण तात्याच्या वस्तीवरून निघताना शेजारचे चार-पाच जण आडवे आले. त्यांच्याही तारखा बदलल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तक्रार घेऊन आलेल्यांची संख्या एकोणीस झाली. लासुर्ण्याच्या बाजूचे काही होते, बावड्याकडचे काही. वेगवेगळ्या गावचे, वेगवेगळ्या भावकीतले. एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती. कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती आणि हे सगळे विरोधी बाजूचे होते.

त्यांच्या बोलण्याची खातरजमा मी पाटकऱ्याकडे केली. नीरेच्या कालव्याचे पाणी पाळीने सुटते आणि कोणत्या शेताला कोणत्या दिवशी दिले, हे पाटकरी लिहून ठेवतो. लागण पाण्यावाचून होत नाही. एकोणीसही शेतांना लागणीचे पहिले पाणी जुलैतच गेले होते. म्हणजे शेतकरी खरे बोलत होते आणि संगणक खोटे.

गटप्रमुखाला मी कार्यालयात जाऊन गाठले. तो क्षणभरही अडखळला नाही. “साहेब, मला त्यातलं काय कळतंय? मी हात लावायलाही भितो. सगळं ती पोरगी बघते. तिलाच विचारा.”

ती पोरगी म्हणजे संगणक चालवणारी. वय एकवीस. बावड्याजवळच्या एका शेतकऱ्याची थोरली मुलगी. बारामतीला रोज एसटीने जाऊन तिने संगणकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. त्या गटात ते यंत्र चालवू शकणारी ती एकटी, असे सगळेच सांगत होते. मग तारखा बदलणारी दुसरी कोण असणार? मला यात कोडे दिसत नव्हते.

स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावे लागते. बारामतीहून महिला शिपाई मागवली आणि शुक्रवारी सकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. अटकेचा फॉर्म भरून बरोबर घेतला होता. वेळ तेवढी लिहायची बाकी होती. जीप दारात उभी राहिल्यावर दहा मिनिटांत आळी जमली.

ओसरीवर सतरंजी टाकली. मुलगी समोर बसली, बाप खांबाला टेकून. मी विचारले, मशीन कोण चालवते? ती म्हणाली, मीच. आणखी कोणाला येते? तिने आधी बापाकडे पाहिले. मग म्हणाली, सरांना थोडे शिकवले होते. सर म्हणजे गटप्रमुख. महिनाभर रोज अर्धा तास ते शेजारी खुर्ची घेऊन बसत, नाव कसे शोधायचे, तारीख कशी बदलायची ते विचारत. मोठा माणूस शिकतो आहे म्हणून तिला बरे वाटले होते. तात्याची तारीख चुकलेली पाहिली तेव्हा तिला आपलीच चूक वाटली होती, नोंद घेणाऱ्याची किंवा आपल्या बोटांची. यंत्राने दाखवले ते तिनेही खरे मानले होते.

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. अडकलेला माणूस वरिष्ठाचे नाव घेतो, हे मी अनेकदा पाहिले होते. मी महिला शिपायाकडे पाहिले. ती उठली. त्याचा अर्थ बापाला कळला.

“सायेब, न्यायचं आसंल तर मला बी घ्या,” तो म्हणाला. “एकटी न्हाय जायाची ती.”

“आबा, थांबा जरा,” मुलगी म्हणाली. “साहेब, माझं खरं मानू नका. सरांचंही मानू नका. मशीनला विचारा.”

हवालदार म्हणाले, “मशीनला शपथ कोण घालणार, बाई?”

“यादीत शेवटचा हात कधी घातला, तो वार आणि वेळ मशीन स्वतः लिहून ठेवतं. आपण सांगावं लागत नाही. नुसतं वाचलं तर वेळ बदलत नाही. काही बदललं तरच बदलते.”

मी म्हणालो, ती वेळ तुला हवी तशी लिहिता येत असेल.

“येते,” ती म्हणाली. “आधी मशीनचं घड्याळ फिरवावं लागतं. ते मला येतं. सरांना शिकवलं नव्हतं.”

स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट तिने न विचारता सांगितली. खोटे बोलणारा अशी वाट उघडी ठेवत नाही. मी कागद खाली ठेवला. पण काच सीलबंद होती आणि ती उघडायला न्यायालयाची परवानगी लागणार होती. तसे मी तिला सांगितले. तिला अडचणच कळली नाही.

“ती काच कशाला? कुठलीही चालेल. काचेत काही नसतं, साहेब. सगळं खोक्यात असतं.”

मी पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले. एकोणीस शेतकऱ्यांचे वर्ष ज्यात होते, ते खोके दोन दिवस पहाऱ्याविना पडले होते आणि ज्याच्यावर आता संशय जात होता तो रोज त्याच्याशेजारी बसत होता. हवालदारांना मी जीप घेऊन खोली सील करायला पाठवले. जाताना ते पुटपुटले, “चोर शहाणा न्हवता तर.”

संगणक उघडण्याआधी एक काम मी केले. गटप्रमुखाचा पुरवणी जबाब घेतला, मागच्या पंधरा दिवसांचा, एकेक दिवसाचा. कोणत्या दिवशी कार्यालयात कोण होते, किल्ली कोणाकडे होती. संशयिताला थेट आरोपी म्हटले तर तो सावध होतो. आळशी म्हटले तर मोकळा बोलतो. मागच्या आठवड्यात गुरुवारी आठवडी बाजार होता, तेव्हा कार्यालय बंदच असेल ना, असे मी म्हणालो. त्याला ते लागले. “बंद कसं असेल? सगळा स्टाफ बाजारात. ती पोरगी रजेवर. मीच होतो, दहा ते पाच. जागचा हललो नाही. किल्ली माझ्याच खिशात.” जबाब लिहिला, त्याला वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाला.

काच बारामतीच्या एका महाविद्यालयाने तात्पुरती दिली. शनिवारी अकरा वाजता पंचांसमक्ष खोलीचे सील काढले, मुलीने वायरी जोडल्या, आणि वीज गेली. दोन तास आम्ही त्या खोलीत बसून होतो. पंच चहा पिऊन आले. गटप्रमुख वर्तमानपत्र वाचत होता. मुलीचा बाप बाहेर पायरीवर बसला होता. तिने डबा आणला होता, तो उघडला नाही.

वीज आली. काच उजळली. हवालदारांनी माझे मनगटी घड्याळ आणि मशीनचे घड्याळ ताडून पाहिले. मशीन चार मिनिटे मागे. तसे पंचनाम्यात लिहिले. मग मुलीने तीन अक्षरे दाबली. काळ्या काचेवर पांढऱ्या ओळी उमटत गेल्या. त्यातल्या एका ओळीवर तिने बोट ठेवले. लागणीच्या यादीचे नाव, त्यापुढे तारीख, त्यापुढे वेळ. मागच्या आठवड्यातला गुरुवार. दुपारी एक वाजून बावन्न मिनिटे.

कितीतरी साक्षीदार मी पाहिले होते. भिणारे, फितणारे, आठवत नाही म्हणणारे, जास्तच आठवणारे. त्या खोलीत बाजाराच्या दुपारी दुसरे कोणी नव्हते, आणि तरी कोणीतरी बघत होते. कोणी न सांगता त्याने मिनिट टिपून ठेवले होते आणि विचारल्यावर क्षणात सांगितले होते. एका पंचाने नकळत टोपी काढून हातात घेतली होती.

गटप्रमुखाला मी जवळ बोलावले. ओळ दाखवली, मग त्याचा जबाब वाचून दाखवला. तो ओळीजवळ वाकला.

“हे कोणी लिहिलं?” त्याने विचारले.

“कोणीच नाही,” मुलगी म्हणाली.

तो खुर्चीत बसला. त्याने पाणी मागितले. त्यानंतर तासाभरात त्याने सांगितले. नावांची चिठ्ठी आली होती. ज्यांचा ऊस मागे ठेवायचा त्यांची. वही असती तर त्याने नकार दिला असता, असे तो म्हणाला, आणि ते मला खरे वाटते. वहीतल्या तारखेवर खाडाखोड केली की शाई दिसते, कागद खरवडला की बोटाला लागतो, आणि एकाची खाडाखोड गावभर होते. इथे एकोणीस तारखा पाऊण तासात बदलल्या होत्या आणि डाग कुठेच नव्हता. “मला वाटलं, याला मागचं काही राहतच नाही,” तो म्हणाला. चिठ्ठी कोणी पाठवली, हे त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही. चिठ्ठीही मिळाली नाही.

मुलीबाबत एक गोष्ट पक्की करणे बाकी होते. त्या गुरुवारी ती रजेवर होती ती तिला पाहायला पाहुणे आले होते म्हणून. रजेच्या अर्जावर मंजुरीची सही गटप्रमुखाचीच होती. मी मुलाकडच्यांच्या गावी जाऊन जबाब घेतले. मुलाच्या वडिलांनी सांगितले, “दोनच्या सुमारास पोहे झाले. आमी तिला इचारत हुतो, मशीनवर काय करतीस म्हणून. ती सांगत हुती. कळलं कुणाला न्हाय.” त्यांनी सांगितले ते सगळे खरे होते. आठ दिवसांनी त्यांनी नकार कळवला. पोलीस दारात आलेले घर नको, असा निरोप होता. मी तो थांबवू शकलो नाही.

तोडणीची यादी पुन्हा करायची होती आणि वही तर रद्दीत गेलेली. शेतकऱ्यांनीच मार्ग काढला. जमिनीच्या नोंदी गावासमोर वाचतात तसे लागणीचे चावडीवाचन करा म्हणाले. तीन दिवस चावडीवर सभासदाचे नाव पुकारले जाई, तो तारीख सांगे, आजूबाजूचे शेतवाले व्हय म्हणत, आणि मगच मुलगी ती नोंदवून घेई. एकाने महिनाभर आधीची तारीख सांगितली. “तवा तू सासुरवाडीला हुतास की रं,” मागून आवाज आला आणि त्याने हसत तारीख दुरुस्त केली.

तात्याने न्यायालयात चोरी कबूल केली. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडले. त्याच्या उसाला डिसेंबरात कोयता लागला. गटप्रमुखाला कारखान्याने काढून टाकले. खटल्यात मात्र तो सुटला. बचावाच्या वकिलांनी विचारले, खोटा दस्तऐवज दाखवा, खाडाखोड दाखवा. त्या काळच्या कायद्याला कागद माहीत होता, खोके माहीत नव्हते. तशी तरतूद व्हायला पुढे काही वर्षे गेली. निकाल लागला तेव्हा माझी बदली झाली होती.

पुढच्या काळात अशी खोकी सगळीकडे आली. तलाठ्याकडे, बँकेत, मतदार याद्यांत, शेवटी ठाण्यातही. अनेकांनी मला विचारले की ती माणसाला न्याय देतील की अन्याय करतील. मी अनुभव सांगतो. त्याच यंत्राने जुलैचा ऑक्टोबर करून दाखवला आणि त्याच यंत्राने तो कधी झाला हेही सांगितले. दोन्ही वेळा अक्षर सारखेच ठळक होते. ज्याच्या बोटाखाली ते असेल त्याला ते एकट्याने शेकडो संसार हलवण्याची ताकद देते. ही ताकद मी त्याआधी मंत्र्याकडेही पाहिली नव्हती. त्या ताकदीला आवर घालायचा तर दुसऱ्या कोणाला तरी ते वाचता यावे लागते.

त्यानंतर नोकरीच्या अखेरपर्यंत एक नियम पाळला. आरोपी म्हणाला, मला विचारू नका, अमुक तपासा, तर आधी ते तपासले, मग अटकेचा विचार केला. यामुळे काही वेळा वेळ गेला. कोणाचे आयुष्य गेले नाही.

त्या शनिवारी खोलीत आम्ही सहा जण होतो. दोन पंच, हवालदार, गटप्रमुख, मी आणि ती मुलगी. मी पदवीधर होतो, खात्याच्या परीक्षा उत्तीर्ण झालो होतो, पुरावा कायदा मला पाठ होता. तरीही काचेवरची ती ओळ वाचून तिचा अर्थ सांगू शकणारी त्या खोलीत एकटी तीच होती, आणि आदल्या सकाळी मी तिलाच आत टाकायला निघालो होतो.